पाय टेकायचा नाही!

"पाय टेकू नको, मंजू! दिवस बुडेपर्यंत पाय टेकायचा नाही!" नवीन ओरडला.

"तुह्या ओरडण्यानं सायकल चालते का रे?" मंजू हसली खरी, पण तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या.

दिवाळीची सुट्टी होती. मंजू, नवीन आणि निता आळीपाळीने अनसिंगजवळच्या आपल्या तांड्याभोवती सायकल फिरवत होते. सायकली दोन होत्या; एक थांबायच्या आत दुसरी निघायची. आई-बाप ऊसतोडीला गेले की मुलांना राहायला तांड्यातल्या तरुणांनी वसतिगृह काढलं होतं. सायकल दिवसभर थांबली नाही, तर गावकरी त्याला वर्गणी देणार होते. थांबली, तर वसतिगृह बंद, आणि मंजूची शाळाही बंद! तिला आईबरोबर उसाच्या फडावर जावं लागणार होतं.

पण दुसरी सायकल दोनदा पंक्चर होऊन पडली होती, म्हणून मंजूला उतरता येत नव्हतं. दोन्ही वेळा त्याच वळणावर!

"कोणीतरी मुद्दाम करून राह्यलं!" नवीन दातओठ खात म्हणाला.

मंजूने वळणावर वेग कमी केला. "अरे, हे तं बोरीचे काटे! इथं बोर कुठं हाये? अन् धुळीत ओरखडे पाह्य! निता, पळ त्या मागानं!"

निता पळाली, मंजूही सायकलवरून मागोमाग निघाली, तर समोरून तांड्यातले देवमनकाकाच येत होते. रोही, म्हणजे नीलगायी, हरभरा खातात म्हणून ते वावराला काटेरी कुंपण घालत होते. तोडलेल्या बोरीच्या फांद्या बैलांमागे बांधून ते रस्त्यावरून फरफटत आणत होते!

"काका, तुमचे काटे आमच्या चाकात घुसून राह्यले!" निता म्हणाली.

"दोन काटे पडले तं आभाळ कोसळलं का?" काका गुरगुरले.

मंजू कडेच्या गवतात त्यांच्यासमोर गोल गोल सायकल फिरवू लागली. पाय टेकता येत नव्हता, पण तोंड मोकळं होतं!

"खरं हाये, काका! मंग चप्पल काढून इथून चालून दाखवा न!"

काकांनी ऐटीत चप्पल काढली, पाऊल टाकलं आणि...

"आयोव!"

"काहून काका? दोनच तं हायेत!"

एका पायावर नाचता नाचता काकांना हसू फुटलं. "पोट्टी लय बेरकी हाये!" त्यांनी बैल थांबवले आणि स्वतः खराट्याने वळण झाडलं. उरलेल्या फांद्या त्यांनी बैलगाडी आणून तिच्यात घालून नेल्या.

दिवस बुडाला. मंजूला सायकलवरून उतरताच येईना! देवमनकाकांनीच तिला उचलून खाली ठेवलं. "शाब्बास, वाघिणी!" म्हातारे रामसिंगबाबा म्हणाले. "वसतिगृहाची चूल पेटली समज!"

आई भुरीबाई गर्दीतून पुढे आली. तिने मंजूच्या पोटऱ्या चोळायला घेतल्या.

"पोरी," ती हळूच म्हणाली, "फडावर न्यायचं गाठोडं सोडलं म्या. तुही गोधडी वसतिगृहासाठी बाहेर काढून ठेवली."