गोऱ्या साहेबाचं घड्याळ

हर्षाली देवरेला डॉक्टर सुयश गांगुर्डे पहिल्यांदा दिसला तो उलटा. दातांच्या दवाखान्यातली खुर्ची मागे झोपवलेली, डोळ्यांवर दिव्याचा झोत, झोतामागे मास्क, आणि मास्कच्या वर भिंगांच्या चष्म्यातून बघणारे दोन तपकिरी डोळे. ओळख व्हायला याहून बऱ्या जागा नाशिकच्या गंगापूर रोडवर पुष्कळ आहेत. पण दाढ जागा बघून ठणकत नाही.

बाहेर परतीचा पाऊस काचेवर टिचक्या मारत होता.

"खुर्चीचा दांडा सोडा," तो म्हणाला. "मी अजून काही केलेलं नाही."

तिनं हात उचलला... आणि ती भिंगं दाढेवरून घसरून तिच्या मनगटावर गेली. तिथेच थांबली.

"हे कुणाचं घड्याळ?"

तोंडात कापसाचे बोळे, वर लाळ ओढणारी नळी. "आओआं..." हर्षाली म्हणाली.

"आजोबांचं. बरं. त्यांना कुणी दिलं?"

"ओया आएआअं."

"गोऱ्या साहेबानं?" त्याच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. दातांच्या डॉक्टरांना व्यंजनांशिवायचं मराठी कळतं; त्यावरच त्यांचा धंदा चालतो. पण भुवया का वर गेल्या ते काही त्यानं सांगितलं नाही. उलट तिचं मनगट हलकेच दिव्याखाली घेतलं, घड्याळातल्या सहाच्या आकड्यापाशी वाकून बघितलं, आणि... जरा जास्तच वेळ बघितलं.

"डॉक्टर," मदतनीस लताबाई ट्रे धरून म्हणाल्या, "दाढ इकडं हाय."

घड्याळाची गोष्ट सटाण्यात लहान पोरालाही पाठ होती. हर्षालीचे आजोबा खंडेराव आरम नदीच्या पुरात उतरले आणि त्यांनी एका गोऱ्या साहेबाचा घोडा, साहेबासकट, बाहेर काढला. साहेबानं जागच्या जागी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. साल एकोणीसशे सेहेचाळीस. हर्षालीचे वडील सोमनाथ देवरे, कांद्याचे व्यापारी आणि सगळ्या सटाण्याचे आप्पा, ही गोष्ट साखरपुड्यात, दहाव्याला आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत सारख्याच ओलाव्यानं सांगत. आजोबांची जन्मतारीख एक जून होती, म्हणजे शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं टाकलेली. त्या पिढीतला निम्मा जिल्हा एक जूनलाच जन्मला आहे. सालाबद्दल तर मास्तरांनाही खात्री नव्हती. तेव्हा घोडा काढताना आजोबांचं वय काय होतं, हा हिशेब घरात कुणी केलाच नाही. कांद्याच्या हिशेबातून सवड मिळाली तर ना!

शेवटची काही वर्षं आजोबांची बोटं थरथरायची, तेव्हा घड्याळाला किल्ली हर्षालीच द्यायची. म्हणून जाताना त्यांनी ते तिला दिलं.

आता प्रश्न वयाचा आला होता. घड्याळाच्या. नाशकातलं एक स्थळ आलेलं. मुलगा गौरांग, कॉलेज रोडला बंगला, वडिलांचा बांधकामाचा धंदा, आणि मुलाला छंद जुन्या वस्तूंचा. त्याच्या आईनं, संध्याताईंनी, फोनवर विचारलं होतं, "अगदी ब्रिटिशकालीन ना हो? जावई म्हणून गौरांगला तेवढं एक मिळालं, की आम्हाला बाकी काही नको." यातलं 'बाकी काही नको' एवढं आप्पांनी ऐकलं आणि ते विरघळले. पोरीला म्हणाले, "जाणकाराकडून नक्की साल काढून आण. बैठकीत कुणी शंका घ्यायला नको."

"जाणकार तुमच्यासमोर उभा आहे," सुयश पुढच्या खेपेला म्हणाला. जुनी घड्याळं उघडून बघायचं त्याला वेड होतं. खणात दातांच्या साच्यांशेजारी बंद पडलेल्या घड्याळांची एक वसाहतच होती. "पण वेळ लागेल."

"किती?"

"ते... घड्याळावर आहे."

मग तपास सुरू झाला. एकदा मागचं झाकण उघडून आतला नंबर टिपला. एकदा त्या नंबरासाठी परदेशातल्या कुणालातरी मेल केली. एकदा म्हणे हवा दमट आहे, आज झाकण उघडणं बरं नाही. तेव्हा नुसताच चहा. मग घड्याळ आठवड्यात किती मागं पडतं ते बघायचं ठरलं, आणि त्यासाठी हर्षालीनं दर आठवड्याला समक्ष येणं शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक होतं.

"फोनवर सांगितलं तर चालणार नाही?"

"छे. फोनवर घड्याळ खरं बोलत नाही."

हर्षाली विज्ञानाची पदवीधर होती. नाशकात, द्राक्षं निर्यात करणाऱ्या कंपनीत द्राक्षांची गोडी मोजायची तिची नोकरी. हे कारण कुठल्याही शास्त्रात बसत नाही, हे तिला तत्काळ कळलं. पुढच्या आठवड्यात ती अबोली रंगाचा नवा कुर्ता घालून आली.

"ताई, दाढ तुमची कवाच बरी झाली," लताबाई दारातच म्हणाल्या. "मी लय दिवस गप हाये."

दिवाळीच्या आसपास तपास मिसळीच्या हॉटेलात सरकला.

"गोडी मोजता म्हणजे नेमकं काय करता?" सुयशनं पापड मोडत विचारलं.

"मणी चिरडायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, आणि भिंगातून आकडा बघायचा."

"आणि माणसांची?"

"माणसं चिरडायची परवानगी नाही."

"चांदवडच्या माणसाला सूट आहे. मी हजर आहे."

"चांदवडचे तुम्ही?" ती गंभीर झाली. "आप्पा म्हणतात, चांदवडचा कांदा दिसायला देखणा, पण टिकत नाही."

"देखणा, एवढं तुम्हाला मान्य आहे ना?"

ती लाजली नाही. तर्रीचा ठसका लागला, असं तिचं म्हणणं. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. बोटांना बोटं लागली... आणि ग्लास दोघांच्याही हातात तसाच राहिला.

"सोड ना," ती म्हणाली. 'सोडा' म्हणायचं होतं. दुरुस्ती कुणीच केली नाही.

तुळशीची लग्नं लागली आणि आप्पांनी बैठकीचा दिवस ठरवला. आता तपास आणखी लांबवता येईना.

"सांग," ती म्हणाली. "काय असेल ते."

त्यानं भिंग तिच्या हातात दिलं. "सहाच्या आकड्याखाली बघ. 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना दोन बारीक अक्षरं आहेत. अंधारात चमकणाऱ्या एका रंगाची ती खूण. तो रंग साठच्या दशकाआधी घड्याळात वापरतच नव्हते. आतला नंबर धरला तर साल अडुसष्ट. साहेब लोक जाऊन वीस वर्षं उलटली होती."

"आणि सेहेचाळीस साली आजोबा..." गेल्या वर्षी गेले तेव्हा ते ऐंशीच्या आत-बाहेर असतील. तिनं बोटांवर मोजलं आणि मध्येच थांबली.

"पाळण्यात. घोड्यापर्यंत तिथून हात पुरला नसता."

ती हसली, मग भिंग हातातल्या हातात फिरवू लागली. "आप्पांना ही गोष्ट सांगताना बघायला हवंस तू. एरवी बाजारात शिव्यांशिवाय न बोलणारा माणूस... डोळे भरतात त्यांचे. चारचौघांत त्यांच्या वडिलांना खोटं पाडायचं — नको रे."

"त्यांचा फोन आला होता मला. म्हणाले, डॉक्टर, बैठकीत घड्याळावर दोन शब्द बोला. दातांचं काही काढू नका."

"मग... सेहेचाळीस म्हण."

"मग घड्याळ गौरांगच्या मनगटावर जाईल."

"हो."

"आणि तू?"

तिनं भिंग टेबलावर ठेवलं. नीट, सरळ रेषेत.

"दुखणार नाही, असं खोटं मी रोज बोलतो," तो म्हणाला. "हेही बोलेन." एरवी असं काही बोलला की तो हसायचा.

सटाण्याच्या घरात नवा सोफा, नव्या फरशा, आणि पोह्यांवर नेहमीपेक्षा जास्त खोबरं. गौरांग आणि संध्याताई सोफ्यावर. कोपऱ्यात आजोबांची धाकटी बहीण कुसाबाई पोह्यांतले शेंगदाणे निवडून खात होती. आप्पांनी गोष्ट सांगितली. आज साहेबाला कलेक्टर केला होता. गौरांगनं घड्याळ तळहातावर फिरवून मान डोलवली. मुलीकडे त्यानं अजून बघितलं नव्हतं. पण ती काही ब्रिटिशकालीन नव्हती.

"हं, डॉक्टर," आप्पा म्हणाले, "सांगा पाहुण्यांना."

सुयश उभा राहिला. घसा खाकरला. हर्षालीकडे बघणं त्यानं टाळलं. बघत होता आप्पांकडे — परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे दिसणाऱ्या आप्पांकडे.

"घड्याळ स्वित्झर्लंडचं आहे. बनावटीवरून साल साधारण... म्हणजे एकोणीसशे..."

चहाचा ट्रे हातात धरून हर्षाली बघत राहिली. हा माणूस खरंच सेहेचाळीस म्हणणार होता! तिच्या बापाची मान खाली जाऊ नये म्हणून तिला दुसऱ्याच्या घरी पाठवून, पोहे खाऊन, निमूट नाशिकला परत जाणार होता. तिला एकदम राग आला. त्याचा नव्हे, स्वतःचा.

"अडुसष्ट," ती म्हणाली. ट्रे खाली ठेवला. "आप्पा, घड्याळ अडुसष्ट सालचं आहे. यांना खोटं बोलायला मीच सांगितलं होतं. आणि... मला हे लग्न करायचं नाही."

गौरांगनं घड्याळ टीपॉयवर ठेवून दिलं, बोटं रुमालाला पुसली. आप्पा उठून उभे राहिले. फार राग आला की ते थेट अहिराणीत उतरत.

"मन्हा बापनं घड्याळ शे हाई! मन्हा बाप खोटं बोलना का?"

"बोलना," कोपऱ्यातून कुसाबाई म्हणाली आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला. "कसाना साहेब, सोमनाथ? भाऊनी दोन बकऱ्या इक्या, मालेगाव गया अन् घड्याळ लई उना. तुनी मायले देखाले जावानं व्हतं ना!"

मग तिनं सगळंच सांगून टाकलं. सोमनाथची आई, म्हणजे बघायला जायची ती मुलगी, चौथी शिकलेली; आपण अगदीच अडाणी दिसू नये, म्हणून खंडेरावांनी ते घड्याळ घेतलं होतं. बकऱ्या विकल्याचं कळलं तर बाप चामडी लोळवेल, म्हणून घरी थाप मारली : पाटबंधारे खात्यातल्या एका साहेबाची जीप चिखलातून काढली, त्यानं खूश होऊन दिलं. पुढे सांगता सांगता जीपचा घोडा झाला, चिखलाचा पूर झाला, आणि साहेब दर वर्षी थोडा थोडा गोरा होत गेला. वेळ बघता तर खंडेरावांना येतच नव्हती. ती लग्नानंतर बायकोनं शिकवली.

आप्पा खाली बसले. आपल्या आईवर आपल्या बापाचा जीव जडला होता, ही बातमी पन्नाशी उलटल्यावर माणसाला एकदम झेपत नाही. त्यांनी टीपॉयवरचं घड्याळ उचललं आणि कानाला लावलं. बराच वेळ काढलंच नाही.

संध्याताई "कळवतो हं" म्हणून उठल्या. गौरांग जाता जाता दारावरच्या पितळी घंटेचं साल विचारून गेला.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर आप्पा म्हणाले, "डॉक्टर, हे साहेबाच्या काळातलं नाही, ते तुम्हाला केव्हा कळलं?"

खोटं बोलायची सुयशची ताकद संपली होती. "पहिल्याच दिवशी. दवाखान्याच्या खुर्चीतच."

"पहिल्या दिवशी?" हर्षाली ओरडली.

"भिंगं डोळ्यांवरच होती ना... अक्षरं दिसली."

"मग नवरात्रापासून काय तपासत होतात?" आप्पांनी विचारलं.

सुयशचे कान लाल झाले. तो फरशीकडे बघू लागला.

"मला, आप्पा," हर्षाली म्हणाली. "तपासाला एवढा वेळ लागत नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी मी जात होते. दर आठवड्याला."

"मंग?" कुसाबाईनं सुयशला विचारलं. "पोर पास का नापास?"

त्यानं वर बघितलं — आधी तिच्याकडे, मग आप्पांकडे. "आप्पा, मला हिच्याशीच लग्न करायचंय. तुम्ही हो म्हणालात तर आई-दादांना उद्याच घेऊन येतो."

आप्पांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"उद्या नको," ते म्हणाले. "उद्या कांद्याचा लिलाव आहे. परवा आणा."