श्वास कापायचा धडा

पहिल्या धड्याचं पहिलंच वाक्य चालू होतं आणि नुकत्याच आत आलेल्या मुलीचा पाय वायरीत अडकला. माईक धाडकन आडवा!

"नमस्कार, प्रार्थनेच्या गाण्यांचा आवाज कसा लावायचा हे आपण—" साउंडवाला बोलता बोलता थांबला. "आपण कोण?"

"मी कीबोर्ड वाजवणार आहे… मावशीने पाठवलं."

"वादळ पाठवतेय असं नव्हत्या म्हणाल्या."

"आणि तुम्ही फारसं बोलत नाही, असं ती मला म्हणाली होती!"

मावशी म्हणजे प्रार्थनाघरातल्या गाणाऱ्यांची म्होरकी. साउंडवाल्याला लांबच्या शहरात स्टुडिओत नोकरी लागली होती. तो गेल्यावर मिक्सरला हात कोण लावणार? म्हणून त्याने सगळं व्हिडिओत शिकवून ठेवायचं आणि मगच जायचं, असं मावशीने ठरवून टाकलं. समोर बसून शिकणारं कुणीतरी हवं, म्हणून भाचीची वर्णी लागली.

ही शिकणारीण भलतीच ढ निघाली. एकदा सांगितलेलं बटण दुसऱ्यांदा सापडेल तर शपथ! तोही काही चिडेना. "परत घेऊ," म्हणायचा आणि हसू लपवायला हेडफोन लावायचा. त्यात पत्र्यावर पाऊस तडतडायला लागला की काम बंदच. मग दोघं खिडकीशी चहा घेऊन बसायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंसुद्धा नाही.

"अगं, एवढ्या वेळात माणूस पोहायला शिकतो!" मावशी करवादली.

धडे संपत आले तशी हिची झोप उडाली. त्याने ही नोकरी किती वाट बघून मिळवली होती, ते तिला ठाऊक होतं. 'राहा' म्हणायचं कोणत्या तोंडाने? आणि न बोलता त्याला जाऊ द्यायचं… तेही जमेना.

शेवटून दुसरा धडा होता, गाणं स्वच्छ कसं करायचं. दोन ओळींच्या मधे गाणारा श्वास घेतो, तो आवाज कापून टाकायचा. त्याने मावशीचे कापले, मागे गाणाऱ्या सगळ्यांचे कापले. तयार व्हिडिओ बघताना हिचे कान टवकारले. कीबोर्ड वाजवता वाजवता हिने गायलेल्या ओळीआधीचा श्वास जसाच्या तसा!

"माझाच गबाळेपणा तेवढा जगाला ऐकवायचाय का?"

तो वायर चिवडत बसला.

"कापला होता," शेवटी म्हणाला. "गाणं चकाचक झालं. पण मग… त्यात तू नव्हतीस. परत जोडला."

पाऊस नव्हता, तरी दोघांचं काम थांबलं.

"स्टुडिओला नाही म्हणून कळवतो," तो घाईघाईने म्हणाला. "तू फक्त सांग."

तिला हेच ऐकायचं होतं. इतके दिवस ह्याचसाठी जीव टांगणीला लागला होता. आणि आता तोंडातून निघालं भलतंच.

"नको. जा तू. इथे राहिलास तर एक दिवस त्या नोकरीची आठवण येईल आणि माझ्याकडे बघून गप्प बसशील. ते मला सोसायचं नाही." तिचे डोळे भरून आले. "पण सुट्टी मिळाली की ये. मला अजून काही येत नाही."

"खोटारडे! पहिल्याच दिवशी वायर गुंडाळलीस, एक पीळ नाही पडला. तेव्हाच ओळखलं."

"बाबा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे," ती लाजून म्हणाली. "लहानपणापासून गुंडाळतेय… पण माहीत होतं, तर इतक्या वेळा परत का घेतलंस?"

"तू का चुकलीस?"

"तुला मी आवडते म्हणून नाही काही," ती म्हणाली. "मला तू आवडतोस म्हणून."

शेवटच्या धड्याला तो कॅमेऱ्यामागे उभा राहिला. मिक्सरपाशी ती. उद्या सकाळी त्याची गाडी होती, दाराशी बॅग भरून ठेवलेली. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि आवाज फुटण्याआधी एक लांब, थरथरता श्वास घेतला.

"नमस्कार… मी इथली नवी साउंडवाली."

वाक्य संपलं तशी ती ओशाळली. "परत घेऊ या?"

"अजिबात नाही," तो म्हणाला. "आणि तो श्वास कापायचा नाही हं. गाडीत ऐकायला मला तेवढाच आहे."