डावीकडे न वळणारी ऑस्टिन

लग्नाच्या गाठी स्वर्गात मारलेल्या असतात, याबद्दल १९५८ सालच्या गिरगावात कोणाचं दुमत नव्हतं. बाकी संयुक्त महाराष्ट्रापासून कांदेपोह्यातल्या शेंगदाण्यांपर्यंत सगळ्या बाबतींत होतं. रघुवीर दिघे याची गाठ मात्र चोरबाजारात, गंजक्या सायलेन्सरच्या ढिगाशेजारी पडली, आणि पहिल्याच वाक्यात तिने त्याचा अपमान केला.

"ही चाकं नका घेऊ. तुमच्या गाडीला बसायची नाहीत."

रघुवीरने चमकून वर पाहिलं. समोर एक मुलगी उभी होती. वेणीत अबोलीचा गजरा, गळ्यात शिंप्याची टेप, बोटांना ग्रीस आणि हातात खाकी कागदाचा एक गोल तुकडा. तुकडा ब्लाउजचं कटिंग करावं तसा नीट कापलेला होता, फक्त त्याला मध्ये भोकं होती.

रघुवीर विम्याच्या कचेरीत कारकून होता आणि गाडीशी त्याचा संबंध नात्यातून आला होता. वडाळ्याच्या मामांनी गावी जाताना आपली ऑस्टिन भाच्याच्या गळ्यात बांधली. तिची चाकं गंजून चाळण झाली होती, त्यामुळे ती चाळीच्या अंगणात विटांवर उभी असे आणि रघुवीरची आई आनंदीबाई तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालीत असे. तिला चाकं लावावीत ही रघुवीरची हौस. समोरची चाकं कुठल्याशा थोराड अमेरिकन गाडीची होती. रुंद, चकचकीत. त्यांत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तो बरा दिसत होता.

"साब, मेमसाबको छोडो," दुकानदार म्हणाला. "चक्का देखो! दुल्हन है दुल्हन!"

मुलीने कागद चाकावर ठेवला. "ऑस्टिनच ना तुमची? मघाशी दुकानदाराला सांगत होतात. भोकं जुळतील..."

"मग झालं तर!"

"अहो, भोकं जुळली म्हणजे चाक जुळतं का? पत्रिका जुळली म्हणजे माणसं जुळतात?" तिने चाक पालथं केलं, त्यावर आडवी पट्टी टाकली आणि टेप आत सोडली. "हे बघा. पाठीमागून बशी उथळ आहे. म्हणजे चाक आत जायच्या ऐवजी बाहेर येणार. त्यात हे रुंद. मडगार्डला घासणार."

"तुम्हाला हे... कसं ठाऊक?"

"आमच्या बाबांच्या हिलमनची चाकं मीच बदलते. परळच्या खड्ड्यात एक चिरलं, त्याच्या जोडीचं शोधतेय. हा हबच्या भोकांचा कागद घरून कापून आणलाय, ऑस्टिनचीही भोकं अशीच. तुम्ही काय आणलंत?"

रघुवीरने रुमाल आणला होता. तो त्याने कपाळावरून फिरवला. बायकांनी स्वयंपाकघरातून राष्ट्र चालवावं, असं व्याख्यान त्याने ब्राह्मण सभेत ऐकलं होतं आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. पण ग्रीसबद्दल त्यात काही नव्हतं.

"आणि बसली तर?" तो हट्टाने म्हणाला.

"तर दादरला हिंदू कॉलनीत या. डॉक्टर नाडकर्णींचं घर कोणीही दाखवेल. मी पद्मजा. स्वतः कॉफी करून देईन."

"आणि नाही बसली तर?"

"नाही बसली तर येणार कसे?"

एवढं बोलून ती हसली, टेप गळ्यात टाकली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. रघुवीर तिथेच उभा राहिला. मग त्याने ती चाकं विकत घेतली. दुसरं काही सुचण्याच्या परिस्थितीत तो नव्हता.

चाकं बसली. नट सरळ गेले, सगळी चाळ बघायला जमली आणि आनंदीबाईने पापड उचलून चाकांना हळदकुंकू लावलं. रघुवीर विजयी मुद्रेने निघाला आणि पहिल्याच डाव्या वळणावर, कोंबडी मुरगाळावी तसा आवाज आला. मामांनी कधीकाळी डावं मडगार्ड कुठेतरी आपटून पुढच्या अंगाला पोचवलं होतं. गाडी डावीकडे वळवली की बाहेर आलेलं चाक नेमकं त्या पोच्यात जाऊन अडकत होतं. उजवीकडे मात्र लोण्यासारखी वळत होती.

रघुवीर तरीही दादरला गेला. नुसती उजवी वळणं घेत गिरगावातून दादरला जाता येतं. त्याला फक्त सकाळी निघावं लागतं.

"बसली की हो," पद्मजा दारात येऊन म्हणाली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या मडगार्डापाशी ती क्षणभर थांबली. खाली वाकली... आणि आत कॉफी करायला गेली.

डॉक्टर रमाकांत नाडकर्णींनी चष्म्यावरून पाहून विचारलं, "विम्याच्या कचेरीत ना? म्हणजे पॉलिसीसाठी आला असाल."

रघुवीर "हो" म्हणाला. त्या एका शब्दावर त्याला पुढचे कित्येक शनिवार नाडकर्णींच्या घरी येता आलं. डॉक्टर पॉलिसीवर विचार करत राहिले. विचार करायला त्यांना भरपूर वेळ मिळत होता, कारण हिलमन अजून जॅकवर होती आणि ते ट्रामने व्हिजिटला जात होते.

पद्मजा परळच्या एका शाळेत शिवण शिकवायची. एका शनिवारी डॉक्टर व्हिजिटला गेल्यावर कॉफीचा कप उचलता उचलता ती सहज म्हणाली, "मला परळला सोडता?"

परळ डावीकडे होतं.

रघुवीरने मोठ्या रस्त्यावर येऊन गाडी उजवीकडे घेतली. शीव आलं, तो उजवीकडे वळला. शीव कोळीवाड्याची सुकत घातलेली मासळी मागे पडली, अँटॉप हिलचे सरकारी ब्लॉक मागे पडले, वडाळ्याच्या मिठागरांवरून खारा वारा आत आला आणि तिच्या कपाळावरची बट उडू लागली. तिने ती सावरली नाही. रघुवीरचं लक्ष रस्त्यावर असायला हवं होतं, ते नव्हतं.

"आज हवा छान आहे, नाही?" ती म्हणाली.

"हो... अगदी परळसारखी."

पुन्हा उजवीकडे वळून गाडी हिंदू कॉलनीत, तिच्याच दारात उभी राहिली.

"आलं," रघुवीर म्हणाला.

पद्मजाने घराकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "आभारी आहे," ती गंभीरपणे म्हणाली, उतरली आणि बसस्टॉपकडे चालू लागली. चार पावलांवर थांबून मागे वळली. "पुढच्या शनिवारीही मला परळला जायचंय हं—"

अशा रीतीने ती दर शनिवारी परळला निघायची आणि दादरला पोहोचायची. खोदादाद सर्कलला एक वळसा घातला असता तर परळ समोरच होतं. पण हे दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही, आणि न सुचण्यासाठी दोघंही बरेच कष्ट घेत होती.

मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "दिघे, एक काम आहे. पद्मजाला बेळगावचं स्थळ आलंय. मुलगा उत्तम, पेढी घरची. बेळगाव सध्या म्हैसूर राज्यात आहे, पण लग्न होईपर्यंत येईल इकडे. गिरगावात त्याची मावशी अंथरुणाला खिळलीय, तिलाही मुलगी बघायचीय, म्हणून येत्या रविवारी कार्यक्रम तिच्याकडेच ठेवलाय. आमची हिलमन ही अशी. तुम्ही नेऊन सोडाल का आम्हाला?"

"अवश्य," रघुवीर म्हणाला. सुशिक्षित माणसाला धक्का बसला की त्याच्या तोंडून सभ्य शब्द बाहेर पडतात, ही शिक्षणाची मोठीच उणीव आहे.

त्या रविवारी त्याला खोदादाद सर्कल आठवलं. वळसा घालून त्याने गाडी परळकडे तोंड करून उभी केली. डॉक्टर पुढे बसले, पद्मजा मागे. आकाशी रेशमी साडी, केसात अबोली. समोरच्या आरशात तिचे डोळे दिसत होते आणि ते सरळ त्याच्याकडेच बघत होते. काहीतरी बोला, असं ते डोळे म्हणत होते. रघुवीर गिअर बदलत होता.

परळ गेलं. लालबागला गाडी थांबली. समोरून गिरणगावातला प्रचंड मोर्चा येत होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" दंडाला पट्टी बांधलेला दत्ताराम नावाचा एक स्वयंसेवक खिडकीपाशी आला.

"ओ सायबानू, पुढे रस्तो बंद आसा. गाडी डाव्यान घेवा, काळाचौकीक."

"उजवीकडे... चालेल का?" रघुवीरने क्षीण आवाजात विचारलं.

"उजव्यान? थंय भिंत आसा मरे!"

"अहो घ्या ना डावीकडे!" डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले. "माणसं खोळंबली असतील तिकडे."

"बाबा, ती डावीकडे वळत नाही," मागून पद्मजा म्हणाली.

"कोण?"

"गाडी."

"तुला काय ठाऊक?"

गाडीत शांतता पसरली. बाहेर हजारो माणसं घोषणा देत होती, तरी ती शांतता स्पष्ट ऐकू आली. पद्मजाने ओठ चावला.

"काहीतरीच!" डॉक्टर गरजले. "गाडीला डावं काय नि उजवं काय? घ्या, दिघे!"

दिघ्यांनी घेतली. कोंबडीचा आवाज झाला, जळक्या रबराचा वास सुटला आणि ऑस्टिन रस्त्याच्या बरोबर मधोमध आडवी अडकून बसली. मोर्चा थबकला. सगळ्या खिडक्यांतून डोकी आत आली.

"पद्मजा," डॉक्टर अतिशय हळू आवाजात म्हणाले, "या गाडीत तू किती वेळा बसलीस?"

"मोजलं नाही, बाबा."

"कुठे जायला?"

"कुठेच नाही. दादरहून निघायचो... आणि दादरला यायचो."

डॉक्टर रघुवीरकडे वळले. "चाकं घासतात हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बदलली का नाहीत? निदान मडगार्ड तरी ठोकून घ्यायचं!"

रघुवीरने स्टीअरिंगवर डोकं टेकलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "ठोकलं असतं तर परळ पाच मिनिटांत आलं असतं, डॉक्टर. आणि मला... मला ते यायला नको होतं."

"अरे वा!" खिडकीतलं एक डोकं म्हणालं. दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

"तुम्हाला वाटलं मला कळलं नाही?" पद्मजा मागून म्हणाली. "कॉफी केली त्याच दिवशी मडगार्डवर घासलेला रंग बघितला होता मी. आणि तुमच्या गाडीला बसतील अशी चाकं दिवाळीच्या आधीच सापडली होती मला. कागद लावून, मोजून बघितली. बशी, रुंदी, सगळं बरोबर होतं. मी दुकानदाराला सांगून आले, इतक्यात दाखवू नका कोणाला."

रघुवीर गर्रकन मागे वळला.

"थांब," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक भयंकर शंका उगवत होती. "ऑस्टिनची सापडली? मग माझ्या हिलमनचं एक चाक कसं नाही सापडलं तुला?"

पद्मजा साडीच्या काठाकडे बघू लागली.

"पद्मजा!"

"तेही तेव्हाच सापडलं, बाबा. माळ्यावर आहे. हिलमन चालू झाली असती तर... यांच्या गाडीचं काय काम उरलं असतं?"

डॉक्टर नाडकर्णींनी आयुष्यात पुष्कळ वाईट बातम्या सांगितल्या होत्या, ऐकायची सवय मात्र नव्हती. चोरून हिंडणं, चाळीतला मुलगा, परजात, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम यायला हवं होतं. पण त्यांना फक्त ट्राम दिसत होती. ट्रामच्या दांडीला लोंबकळणारे, स्टेथोस्कोप सांभाळणारे ते स्वतः दिसत होते.

"दिवाळीपासून," ते पुटपुटले, "मी ट्रामने जातोय."

स्वयंसेवक दत्ताराम मघापासून खिडकीवर कोपर टेकून सगळं ऐकत होता. त्याने घसा साफ केला. "डॉक्टरानू, मोर्चो थांबलोसा. एकदा चेडवाक इचारा, तिका काय होया ता. म्हणजे आमी गाडी उचलतव."

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. तिने विचारण्याआधीच मान हलवली. एकदा नाही बेळगावला, आणि दुसऱ्यांदा, पापण्या झुकवून, होय स्टीअरिंगवरच्या माणसाला.

डॉक्टरांनी काचेतून मोर्चाकडे पाहिलं. मग एक सुस्कारा सोडून म्हणाले, "ज्या मुलीने जन्मदात्याला एवढ्यासाठी ट्रामने हिंडवलं, तिला त्या बेळगावच्या सज्जन माणसाच्या गळ्यात मारायचं? त्याने माझं काय वाकडं केलंय?" आणि रघुवीरकडे न बघता पुढे म्हणाले, "दिघे, पॉलिसी तुम्ही स्वतःचीच काढा. लागेल."

"उचला रे!" दत्ताराम ओरडला. डॉक्टर "मला उतरू द्या आधी" म्हणत होते ते कोणी ऐकलं नाही. पन्नास हात खाली गेले, ऑस्टिन तिघांसकट अधांतरी झाली आणि अलगद डावीकडे वळवून काळाचौकीच्या दिशेने ठेवली गेली. वर असताना, त्या डगमगत्या क्षणी, मागच्या सीटवरून एक हात पुढे आला आणि रघुवीरच्या खांद्यावर टेकला. गाडी खाली आली तरी तो हात तिथून हलला नाही.

वैशाखात लग्न झालं. पुढच्याच आठवड्यात पद्मजाने ती मापाची चाकं आणून स्वतः बसवली. गाडी आता दोन्हीकडे वळते. माहेरी जाताना रघुवीर सरळ रस्त्याने नेतो, आणि पद्मजाला बहुधा भायखळ्यालाच झोप लागते.