मिटून राहायला शिकलेली कालवं

"चार हजार कालवं पाठवलीत. जिवंत निघाली अकरा. आणि गंमत म्हणजे, ही अकरा सगळ्यांत लहान आणि वेडीवाकडी आहेत!"

पडद्यावर मोरबावचे डॉ. मुकादम बोलत होते. मोरबाव खाडीचं पाणी कित्येक वर्षं गढूळ होतं. कालव (शिंपल्यात राहणारा, पाणी गाळून त्यातलं अन्न खाणारा प्राणी) दिवसाला कित्येक घागरी पाणी गाळतं, म्हणून तिथे कालवांचा बांध उभारायचा होता. कालवं पुरवायची होती आडवेली खाडीत कालवांची शेती करणाऱ्या बायकांनी. त्यांची प्रमुख चारुशीला तारी, म्हणजे बारा वर्षांच्या हर्षदाची आई.

"आता एकच खेप घेता येईल, दीड महिन्यानं," डॉक्टर म्हणाले. "तीही मेली, तर बांधाचा बेत रद्द."

पडदा विझला.

"पण ती पाण्यात घालूनच का नाही नेत?" हर्षदानं कुर्लीला विचारलं. कुर्ली म्हणजे शेतीवरचा आठ पायांचा यंत्रमानव.

"साठलेल्या पाण्यातला प्राणवायू एवढी कालवं लवकरच संपवतील," कुर्ली म्हणाली. "त्यापेक्षा ओल्या पोत्यात शिंपा मिटून बसली, तर आतल्या घोटभर पाण्यावर त्यांचे कल्ले (श्वास घेण्याचे अवयव) ओले राहतात. तीन दिवसांचा प्रवास त्यांना जमायला हवा होता."

"माका वाटता, ती अकरा माझी," पोती भरणाऱ्या बायकांतली शेवंतीमावशी हळूच म्हणाली. "शेवटचा पोता भरना, म्हणान मी धक्क्याच्या खांबावरची खरवडून घातलंय."

आईनं कपाळावर हात मारला. हर्षदा मात्र उठून उभी राहिली. "कुर्ली, चल!"

बाकीच्या बायकाही त्यांच्यामागोमाग धक्क्यावर आल्या. ओहोटी लागली होती. धक्क्याचे खांब अर्धेअधिक उघडे पडले होते आणि त्यांवरची कालवं उन्हात घट्ट मिटून बसली होती. कुर्लीच्या चिमट्यात जोर मोजायचा काटा होता. तिनं खांबावरचं एक कालव उघडून पाहिलं, मग शेतीच्या तरंगत्या मंचाला टांगलेलं मोठं, गुबगुबीत कालव.

"खांबावरच्याला तिप्पट जोर लागला," ती म्हणाली. "त्याचा आवळस्नायू (दोन्ही शिंपा आवळून धरणारा स्नायू) दणकट आहे. असं का?"

हर्षदा मंचाकडे बघत राहिली. बांबूचा तो मंच पाण्यावर तरंगायचा. भरतीला वर, ओहोटीला खाली. त्याला टांगलेली कालवं कायम पाण्यातच.

"खांबावरची रोज दोनदा उघडी पडतात," ती म्हणाली. "मिटली नाहीत तर सुकून मरतील. म्हणून रोज दोनदा त्यांचा व्यायाम होतो. मंचावरच्यांना मिटायची वेळच येत नाही!"

कुर्लीचे आठही पाय जागच्या जागी थांबले. "तरंगता मंच मीच सुचवला होता. चोवीस तास खाणं मिळावं म्हणून. मी फक्त वाढ मोजली."

"शहाणी गो माझी कुर्ली!" शेवंतीमावशी हसली. हर्षदाचा उपाय ऐकल्यावर मात्र तिचं हसू मावळलं. मंच खांबांना बांधून टाकायचा, म्हणजे पाणी उतरलं की कालवं उघडी पडतील. "म्हणजे आम्ही परत पूर्वीसारख्या ओहोटीला गुडघाभर चिखलात? आणि ती उन्हात मेली तर?"

"थोडी मरतील," कुर्लीनं सांगितलं. "वाढही थांबेल."

सगळ्या आईकडे बघू लागल्या.

"वाढून करायचंय काय?" आई म्हणाली. "ती पोचायला हवीत. बांधा मंच."

पहिल्या दिवशी त्यांनी कालवं जेमतेम अर्धा तास उघडी राहतील एवढाच मंच उचलून बांधला. मग एक तास, मग दोन. पहिल्या आठवड्यात रोज पाटीभर मेलेली कालवं निघायची. हर्षदा ती मोजायची आणि त्या दिवशी नीट जेवायची नाही. दुसऱ्या आठवड्यात ओंजळभर निघाली. पाचव्या आठवड्यात कालवं पाच-पाच तास उघडी राहत होती, आणि एकावर एक आपटली की दगडासारखी खणखणत होती.

ठरलेल्या दिवशी ओहोटीला बायका चिखलात उतरल्या. शेवंतीमावशी कमरेपर्यंत रुतली, तेव्हा तिला ओढून काढायला कुर्लीच लागली. "सोड गो, पाय मोडशीत माझो!" ती ओरडत होती. संध्याकाळी पोती भरून सौरहोडी (उन्हाच्या शक्तीवर चालणारी होडी) निघाली.

तीन दिवसांनी पडदा उजळला. डॉ. मुकादमांच्या हातात एक कालव होतं आणि ते सुरीनं त्याच्याशी झगडत होते.

"उघडतच नाही हो!" ते म्हणाले. "आम्ही सगळी पोती पाहिली. मेलेली शंभरसुद्धा नाहीत."

आईनं हर्षदाचा खांदा घट्ट धरला.

डॉक्टरांनी टेबलावर काचेची मोठी बरणी ठेवली. आत मोरबावचं मातकट पाणी आणि तळाशी सहा कालवं. "थोडं थांबाल?" त्यांनी विचारलं.

आडवेलीच्या बायका पडद्यासमोर बसून राहिल्या. बराच वेळ बरणीत नुसतं तपकिरी दिसत होतं. मग ते फिकट होत गेलं. दोन तासांनी बरणीच्या पलीकडे काहीतरी हललं. एक नाक. मग दोन डोळे. मोरबावची एक मुलगी पलीकडून काचेला नाक लावून आत बघत होती, आणि पाण्यातून आरपार ती हर्षदाला दिसत होती.