तीनच्या दगडापाशी

"दादा, जपून!"

खडू ओरडली, पण उशीर झाला होता. धुक्यातून एक ससा आडवा आला, दादाने करकचून ब्रेक दाबला, चाक ओल्या खडीवरून सटकलं आणि दादा सायकलीसकट रस्त्याकडेच्या चरात गेला. कडाड् असा आवाज झाला. तो सायकलीचा असू दे, असं तिघांनाही मनापासून वाटलं. पण सायकल होती धडधाकट. मोडला होता तो दादाचा पाय.

"घाबरू नका रे," दादा म्हणाला. त्याचा स्वतःचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

घाबरू नका म्हणे! आजूबाजूला काय होतं? नुसता माळ. बारा किलोमीटर उघडाबोडका माळ, ना घर, ना झाड, ना मोबाइलला रेंज. सकाळी चढण चढताना लख्ख ऊन होतं. नऊच्या दगडापर्यंत सगळं कसं छान दिसत होतं. मग धुकं उतरलं आणि पुढच्याची पाठसुद्धा दिसेनाशी झाली.

खडू दादाची सख्खी बहीण. वय बारा, अंगाने काडी आणि रंगाने गोरीपान, म्हणून खडू. तिचा मामेभाऊ ढोल तेरा वर्षांचा, आणि तो ढोल का हे तो बोलायला लागला की कळायचं. त्याच्या मागे मागे सगळीकडे जाणारी त्याची धाकटी बहीण, ती शेपूट. ती दहाची.

"इथे दगड आहे!" शेपूट ओरडली. "ताजा रंगवलाय. विश्रामगृह... तीन!"

"मग काय, तीनच किलोमीटर!" दादा दात आवळून म्हणाला. "तिघंही जा. एकत्रच जा, धुक्यात सुटे होऊ नका. तिथे माणसं असतील. त्यांना सांगा, तीनच्या दगडापाशी. खडू, विसरायचं नाही. तीन."

तिघांनी आपले रेनकोट त्याच्या अंगावर घातले आणि निघाले. खडूने एकदा मागे वळून पाहिलं. दादा नव्हताच. दहा पावलांत धुक्याने त्याला गिळलं होतं.

चाकांची किरकिर तेवढी ऐकू येत होती, आणि मध्येच कुठेतरी टिटवी ओरडून उठत होती.

"दगड आला," ढोल पुटपुटला. "दोन असणार."

तिघं उतरली. दगडावर काळ्याभोर रंगात लिहिलं होतं, पाच.

"तीननंतर पाच?" शेपटीचा आवाज चिरकला.

"ओल्यामुळे नीट दिसत नसेल. चल," खडू म्हणाली. तिला नीट दिसलं होतं.

पुढचा दगड धुक्यात हुकला. रस्ता संपता संपेना. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मग उजव्या हाताला पुन्हा एक दगड उभा राहिला. ढोलने त्यावर हात फिरवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"सहा! खडे, आपण पुढे जातोय आणि रस्ता मागे चाललाय! हा चकवा आहे. चकवा लागलेला माणूस रात्रभर फिरतो आणि सकाळी होता तिथेच सापडतो!"

"तुझा आवाज ऐकला तर चकवाच पळून जाईल," खडू म्हणाली खरी, पण तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मागे वळावं का? वळलो आणि दादा तिथे नसलाच तर? तिने डोळे मिटले. सकाळपासून वारा डाव्या गालाला लागत होता. आताही डाव्याच गालाला लागत होता. "दिशा तीच आहे. दगड काय वाटेल ते बोलू देत, आपण सरळ जायचं."

पुढे एक दगड दिसला. त्यावर दोन! ढोल तर रडकुंडीलाच आला. पण थोड्याच वेळात धुक्यात एक पिवळा दिवा दिसला आणि तिघांनी पायडल मारत विश्रामगृहाचं फाटक गाठलं. एवढ्याशा तीन किलोमीटरला पाऊण तास लागला होता!

विश्रामगृहात दोनच माणसं होती. तिथे स्वयंपाकपाणी बघणाऱ्या काकू, आणि रस्त्याचे मुकादम. मुकादम घरी जायच्या तयारीत होते, पण काकूंनी डोळे वटारल्यावर त्यांनी जीप काढली.

"मी येणार," म्हणत खडू पुढे चढून बसली.

मुकादमांचं लक्ष रस्त्याकडे कमी आणि मीटरकडे जास्त होतं. बरोबर तीन किलोमीटर भरले आणि त्यांनी जीप थांबवून लांबलचक हॉर्न दिला. खडू उडी मारून उतरली.

"दादा! दादाऽऽ!"

उत्तर नाही. दिव्यांच्या उजेडात नुसता पांढरा पडदा हलत होता. चर होता, पण रिकामा. रेनकोट नव्हते, सायकल नव्हती, गवतही दबलेलं नव्हतं. जणू दादा नावाचा कोणी तिथे कधी पडलाच नव्हता.

"थोडं पुढे जाऊ या ना, काका!"

"पुढे दरीची कड आहे. तीन म्हणालीस, तीनला आणलं. बावीस वर्षं या रस्त्यावर काढलीत मी, मला शिकवू नकोस!" मुकादमांनी तिला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. "खोटारडी कार्टी! सुट्टी लागली की असले चाळे सुचतात."

परत आल्यावर ते बूट पुसत म्हणाले, "तिथे कोणी नाही. दादा दुसऱ्या वाटेने खाली गेला असेल, नाहीतर ही पोरं बनवतायत आपल्याला. मी निघालो घरी."

"अहो, निदान चहा तरी घ्या," काकूंनी त्यांना अडवून ठेवलं आणि मुलांना खुणेनेच पडवीत पाठवलं. तिथे रस्त्याचं सामान होतं. घमेली, दोऱ्या, रंगाचे डबे.

"तू नीट वाचायला हवं होतंस!" ढोल उखडला.

"वाचलं शेपटीने! आणि तू काय केलंस? चकवा, चकवा म्हणून बोंबललास!"

"मग दादा कुठे गेला?"

दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. बाहेर उजेड उतरत होता आणि गारठा वाढत होता.

चहाचे कप घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "अरे, भांडताय काय असे पाठीला पाठ लावून? छत्तीसचा आकडा नुसता!"

खडूने मान वर केली. समोर भिंतीला आकडे कोरलेले पत्रे टेकवून ठेवले होते. दगडांवर आकडे मारायचे. एक, दोन, तीन, चार, पाच, सात...

"काकू, सहाचा पत्रा कुठाय?"

"कधीचाच गंजून गेला. रंगारीबुवा तीनचाच उलटा धरून सहा काढतात. कुठली बाजू कशाची, त्याची खूण केलीय त्यांनी. पण ते लेकीकडे गेलेत ना, म्हणून गेल्या आठवड्यात मुकादमांनीच उरकले सगळे दगड."

खडूने पत्रा उचलला. कोपऱ्यातली खूण रंगाखाली पार बुजली होती. तिने पत्रा भिंतीला लावून त्यावरून रंगाचा कुंचला फिरवला. तीन. पालटून पुन्हा फिरवला. सहा! दोन्ही आकडे भिंतीवर एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

"ढोल्या! तीनच्या जागी सहा आणि सहाच्या जागी तीन! दादा सहावर आहे! आपण सहा किलोमीटर आलो, म्हणून पाऊण तास लागला!"

ती धावतच मुकादमांपुढे जाऊन उभी राहिली. त्यांनी भिंत बघितली आणि नाक मुरडलं.

"मला आकडे कळत नाहीत होय?"

"मग आत्ता तीनच्या दगडावर काय लिहिलं होतं, सांगा ना काका. तुम्ही जाऊन आलात."

"दगड कोण बघत बसतो! मी मीटर बघितला."

"म्हणजे लिहिलंत तुम्ही, आणि वाचायचं आम्हीच!" ढोल गरजला. खिडकीची तावदानं हादरली.

मुकादमांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "उद्या उजाडल्यावर बघू," म्हणत त्यांनी खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग टेबलाखाली वाकून बघितलं.

"जीपची किल्ली माझ्याकडे आहे," कोपऱ्यातून शेपूट बारीक आवाजात म्हणाली. "आता जीप निघेल ती दादाकडेच."

काकू ब्लँकेटं घेऊन आधीच जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या!

तीन किलोमीटर भरले तशी खडूने खाली उतरून विजेरी मारली आणि दगड सापडेपर्यंत कड चाचपली. दगडावर सहा होतं, मुकादमांनी स्वतःच्या हाताने काढलेलं. त्यांनी उतरून आकड्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी गाडी पुढे घातली. सहा किलोमीटर भरताच विजेरीच्या उजेडात चरातले तीन रेनकोट चमकले.

दादाचे ओठ काळेनिळे पडले होते आणि दातांवर दात आपटत होते. खडूने त्याला मिठी मारली.

"मघाशी हॉर्न ऐकला मी," तो कसाबसा म्हणाला. "हाका मारल्या गं खूप. मग जीप परत जाताना ऐकली. मला वाटलं, आता कोणी येत नाही."

इतका वेळ धीराने उभी असलेली खडू तेव्हा हमसून हमसून रडली. मुकादम तोंड फिरवून उभे राहिले. मग त्यांनीच दादाला दोन्ही हातांवर उचलून जीपमध्ये ठेवलं, अगदी हळुवार.

खालच्या गावच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पायाचं काही नाही, हाड जुळेल. पण रात्रभर त्या गारठ्यात राहिला असता तर मला काहीच करता आलं नसतं."

मुकादम बाकावरून उठले. सगळ्यांसमोर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी, खोटारडी म्हणालो तुला. चूक माझी होती आणि ओरडलो तुझ्यावर. तुम्ही तिघं नसता तर माझ्या हातून एक जीव गेला असता. उद्या पहाटे जाऊन दोन्ही दगड आधी पुसतो, मग घरी जातो."

"शाब्बास गं माझ्या वाघिणींनो!" काकूंनी खडूला आणि शेपटीला जवळ घेतलं.

"आणि मी?" ढोल केवढ्यांदा तरी ओरडला. डॉक्टरीणबाईंनी त्याला लगेच बाहेर काढलं.

काकूंनी गरम जेवण आणलं होतं. सगळी बाहेर जेवायला बसली. दादाने डोळे किलकिले करून बघितलं.

"जा गं, जेवून ये. मी कुठे जातोय?"

"नाही," खडू म्हणाली, आणि तिने खुर्ची खाटेला आणखी चिकटवून घेतली.