डिस्क चांगली आहे

कुणाला घाबरवायला हे लिहीत नाही. माझ्यासोबत घडलं, म्हणून लिहितेय. माझे मिस्टर हणमंत तेव्हा माझ्याशेजारीच होते. आजही हा विषय निघाला की ते उठून दुसऱ्या खोलीत जातात.

२००६ चा मे महिना. जयपूर.

रविवारची दुपार... हो, भर दुपार.

हे विमा कंपनीत अधिकारी. सांगलीहून बदली होऊन आम्ही तिथे गेलो होतो. ऑफिस सी-स्कीम भागात, एका जुन्या बँकेच्या इमारतीत. बँक गेली, पण तिची तिजोरीची खोली तशीच राहिली होती. जाड भिंती. खिडकी नाही. लोखंडी दार, आणि त्याला आतून मूठच नाही.

आत गार असतं म्हणून ऑफिसचा बॅकअपचा कॉम्प्युटर तिथे ठेवलेला. दार लागू नये म्हणून खाली वीट लावायचे.

त्या कॉम्प्युटरमधून काही दिवस आवाज येत होता.

टक... टक टक...

हार्ड डिस्क जाणार, असं सगळे म्हणत होते. म्हणून शनिवारी निघताना यांनी डिस्क चेक लावून ठेवला होता. त्याचा निकाल तेवढा बघायचा होता.

"पाच मिनिटांचं काम आहे. मग हर्षालीचे बूट घेऊ," हे म्हणाले. आमची हर्षाली शेजारच्या शर्मा आंटींकडे होती. आम्ही बाजारात गेलोय, एवढंच त्यांना माहीत.

चौकीदार भंवरसिंहनं ऑफिस उघडून दिलं आणि तो परत गेटवर, सावलीत जाऊन बसला.

यांनी कॉम्प्युटरवर चेकचा निकाल उघडला. मी मागे उभी. यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. शेवटी परत वर जाऊन वाचली.

"काय झालं?"

"एकही बॅड सेक्टर नाही. डिस्क चांगली आहे."

"मग आवाज कसला येतो?"

यांनी कान कॉम्प्युटरजवळ नेला.

टक... टक टक...

यांनी वाकून प्लग काढला. स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला.

टक...

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, बाहेरच्या कूलरची घरघर ऐकू येत नाहीये. रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्नही नाहीत.

मी वळून बघितलं.

दार लागलं होतं.

वीट आत, भिंतीजवळ पडलेली. दार लागल्याचा आवाज आम्हा दोघांनाही आला नव्हता.

यांनी खांदा लावून ढकललं. दार हललं नाही. मोबाइलला रेंज नाही. मग आम्ही दार बडवायला लागलो. "भंवरसिंह! भैया!" तळहात लाल झाले. त्या दाराला आवाजच नव्हता. उशीवर मारावं तसं वाटत होतं.

"अहो, आता सोमवारीच कुणी येईल..."

"तो फेरी मारेल, विभा. बोलू नकोस. हवा कमी आहे."

आम्ही जमिनीवर बसलो. ब्लाउज घामानं पाठीला चिकटला. श्वास पुरेना. मला हर्षाली दिसत होती, शर्मा आंटींच्या ओट्यावर बसलेली.

आणि मग आवाज कॉम्प्युटरच्या बाजूनं येईनासा झाला.

तो दाराकडून यायला लागला.

आतल्या बाजूनं... आणि खालून. उभं राहून मारलेली थाप नव्हती ती. उभं राहायचं बळ संपलेल्या माणसानं बसल्या बसल्या बोटांनी वाजवावं, तसं.

टक... टक टक...

दारापाशी कुणीही नव्हतं. आम्ही दोघं समोरच्या भिंतीला टेकून बसलो होतो. यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

दार उघडलं. कूलरचा आवाज एकदम आत आला. भंवरसिंह उभा होता.

मी रांगतच बाहेर आले. त्यानं पाणी दिलं. "हम कब से चिल्ला रहे थे," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली.

"चिल्लाना तो नहीं सुना, भाभीजी. दरवाज़े पे हाथ मारना भी नहीं. राउंड पे आया, तो नीचे से कोई धीरे-धीरे खटखटा रहा था. मैंने सोचा, कोई गिर गया है."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

भंवरसिंह दार लावेना. एक हात दारावर ठेवून तो आत, खाली जमिनीकडे बघत थांबला... कुणाला तरी बाहेर यायला वाट द्यावी तसा.

"साहब, सब निकल गए?"

"हो... हां. सब," हे म्हणाले. "बंद करो."

त्यानं दार लावलं.

पुढच्याच महिन्यात यांनी बदली मागून घेतली. त्या खोलीत आधी काय झालं होतं, हे आम्ही कुणाला विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

पण रात्री कधीतरी जाग येते, आणि एकच गोष्ट डोक्यात येते. आमचा आवाज बाहेर गेलाच नव्हता. ज्याचा गेला, त्याच्यामुळे आम्ही सुटलो.

आणि तो आत असताना, दार लावायला आम्हीच सांगितलं.