प्रस्थानाचं घड्याळ

प्रवासाला निघताना हातात कुठलं घड्याळ घालावं, हा काही कुणाच्या जिवावर उठणारा प्रश्न नव्हे. त्या गुरुवारी सकाळी लालबागच्या मार्केटजवळ, घड्याळवाल्याच्या काउंटरवर मनगट टेकवून उभ्या असलेल्या अनुजालाही तसं वाटत नव्हतं. घड्याळ नवं कोरं होतं, स्टीलच्या साखळीचं, दोन तबकड्यांचं. मोठीत मुंबईची वेळ, छोटीत हॅम्बुर्गची. स्वतःच्या पगारातून तिनं ते खास या प्रवासासाठी घेतलं होतं.

“दोन कड्या काढतो, मॅडम. हात बारीक आहे तुमचा.”

“काढा, पण आत्ताच द्या. शनिवारी निघायचंय.”

वय चौतीस, हॅम्बुर्गच्या कंपनीत तीन वर्षांची नोकरी, शनिवारी दुपारचं विमान. माणसानं खूश असावं की नाही? पण अनुजाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बापावर गेलीय, असं चाळीत म्हणत, आणि ते कानावर आलं की तिचा राग आणखी भडके. आज तर घरातून निघतानाच आईशी वाजलं होतं.

कारण शनिवारी होती अमावस्या. आईनं, म्हणजे रमाबाईंनी, पंचांग बघून तोडगा काढला होता: प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या मुहूर्तावर, जाणाऱ्याच्या अंगावरची एखादी वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू घराबाहेर पडली की माणूस प्रवासाला निघाला, असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना ती वस्तू उचलायची आणि पुढे जायचं, घरात परत आणायची नाही. मुहूर्त गुरुवारी अकरा बेचाळीसचा होता.

“तुझं ते नवीन घड्याळ दे ना, अनू. प्रवासात घालणार आहेस तेच बरं.”

“आई, विमान अमावस्येला पण उडतं! मला दुकानात जायचंय. तुला काय न्यायचं ते ने, माझं डोकं खाऊ नकोस!”

असं म्हणून ती घड्याळ घेऊन जिना उतरली होती. एवढंच घडलं होतं.

साडेबाराला ती परत आली तेव्हा रमाबाई डाळ फोडणीला घालत होत्या. चेहरा निवांत.

“झालं बाई एकदाचं. ठेवलं प्रस्थान, कमळाबाईंकडे. अगदी वेळेवर.”

“काय ठेवलंस?”

“घड्याळच. तू तुझं घेऊन गेलीस, मुहूर्त टळायला आला. मग म्हटलं घड्याळाच्या जागी घड्याळ. कपाटातलं यांचं ठेवलं.”

अनुजाच्या हातातली पिशवी खाली पडली.

“बाबांचं?”

“अगं, एकच तर घर. बापाचा आशीर्वाद...”

“आशीर्वाद? त्या माणसाचा?”

आता हे घड्याळ कसलं, ते सांगायला हवं. सीताराम, म्हणजे अनुजाचे बाबा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपात गिरणी गेली आणि दोन वर्षांनी त्यांना मस्कतला नोकरी लागली. पासपोर्ट आला, पांढरा शर्ट शिवून झाला, आणि प्रवासात घालायला म्हणून त्यांनी चावीचं एक घड्याळ घेतलं. निघायच्या दिवशी त्यांच्या आईनं उंबरठ्यावर अंग टाकलं. मला ओलांडून जा, म्हणाली. सीताराम गेले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी त्या घड्याळाला चावी दिली नाही, आणि घरातल्या कुणाला कुठे जाऊही दिलं नाही. अनुजाला एकविसाव्या वर्षी सिंगापूरची नोकरी मिळाली, तेव्हा त्यांनी तिचा पासपोर्ट पोटमाळ्यावर लपवला आणि तारीख उलटल्यावर स्वतःच काढून दिला. वर म्हणाले, “मी गेलो का?”

अनुजा तेव्हा एक शब्द बोलली नाही. नंतरही नाही. चौदा महिन्यांपूर्वी सीताराम वारले, आणि जे बोलायचं होतं ते तिच्या घशातच राहिलं. तिला त्यांची दया यायची नाही. फक्त राग यायचा, आणि माणूसच नाही म्हटल्यावर तो काढायचा कुणावर, याचा वेगळा राग यायचा.

ती तशीच तरातरा गॅलरीतून चालत टोकाच्या खोलीकडे गेली. दुपारची वेळ. पुरुष कामावर, पोरं शाळेत. एरवी कुणाचा तरी टीव्ही चालू असतो, तोही नव्हता. कमळाबाईंच्या दारातून डांबरगोळ्यांचा वास येत होता, ट्रंक नुकतीच उघडल्यावर येतो तसा.

कमळाबाई ऐंशीच्या, मूळच्या मालवणच्या. त्या जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. देव्हाऱ्याखाली तांब्याचं ताम्हन, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी आणि ते घड्याळ.

“आजी, ते घड्याळ द्या इकडे. आईची चूक झाली.”

कमळाबाईंनी हात वर केला. “हळू बोल गो बाय... उचलू नको.”

“का?”

“आईक.”

अनुजानं कान दिला. टिक टिक चालू होती. चाळीस वर्षं बंद असलेलं घड्याळ चालत होतं.

“चावी दिलीत?”

“मी कित्याक देतलंय? कोणी दिल्यान नाय, तरी चालता हा.” म्हातारीनं आवाज आणखी खाली आणला. “तुझ्या आवशीक म्हायत नाय काय? ज्याची वस्तू, त्याचो प्रवास. अकरा बेचाळीसाक तू नाय निघालंस गो... तो निघालो.”

“मग माझं ठेवते शेजारी.” अनुजा मनगटावरचं घड्याळ काढू लागली.

“मुहूर्त टळलो.”

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. अनुजाचं डोकं सणकलं. जिवंतपणी तेच, मेल्यावरही तेच! प्रत्येक वेळी दारात हा माणूस आडवा!

“मग जाऊ द्या त्यांनाच!” ती ओरडली. “जाऊ द्या एकदाचं! चाळीस वर्षं जायचं होतं ना? जा म्हणावं! माझा पिच्छा तरी सुटेल!”

कमळाबाईंनी पटकन तोंडावर पदर धरला. “असा बोलू नये... वास्तू तथास्तु म्हणता गो.”

 घड्याळ तिथेच ठेवून अनुजा परत आली आणि ताटावर बसून जेवली.

शुक्रवारी दुपारी तिनं बॅग भरायला घेतली. स्वेटर, कागदपत्रं, आईनं दिलेला मालवणी मसाला. पाणी प्यायला म्हणून ती मोरीकडे गेली आणि परत आली, तर सगळ्यात वर एक पांढरा शर्ट होता. पुरुषाचा. कधीही न घातलेला, घड्यांवर पिवळा पडलेला. डांबरगोळ्यांचा वास आता त्यांच्याच खोलीत होता.

“आई! हे काय ठेवलंस?”

रमाबाई आल्या, शर्ट बघितला आणि त्यांचा हात गळ्याशी, काळ्या पोतीच्या जागी गेला. सीताराम गेल्यापासून तिथे पोत नव्हती, तरी हात गेला.

“हा मी त्यांच्याबरोबर... जाळायला दिला होता गं.”

“खोटं बोलू नकोस!”

“तुझी शपथ.”

अनुजानं शर्टाचा बोळा करून तो गॅलरीतून खाली भिरकावला. हात धुतले, साबण लावून दोनदा. मग बॅगेला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. तिला भीती वाटत होती, पण ते कबूल करण्यापेक्षा चिडणं सोपं होतं. 

शनिवारी सकाळी साडेआठला टॅक्सी आली. रमाबाईंनी हातावर दही ठेवलं. अनुजानं दोन तबकड्यांचं घड्याळ घातलं, साखळी नीट बसली. गॅलरीच्या टोकाशी कमळाबाई दारात उभ्या होत्या. जिना त्यांच्याच दारासमोरून उतरत होता, म्हणून थांबणं भाग होतं.

ताम्हनात तांदूळ होते, सुपारी होती. घड्याळ नव्हतं.

“कोणी उचललं?”

“तो आत्ताच गेलो.”

“कोण?”

 कमळाबाईंनी जिन्याकडे बघून हात जोडले आणि दार आतून लावून घेतलं.

“म्हातारचळ लागलाय सगळ्यांना,” अनुजा मोठ्यानं म्हणाली आणि बॅग खडखडत खाली आणली. आई वर कठड्याला धरून उभी होती. टॅक्सी सुटली तशी अनुजानं मागे वळून हात हलवला. रमाबाईंनी हलवला नाही. त्या तिच्याकडे नीट बघतच राहिल्या, अनोळखी माणसाकडे बघावं तशा.

पुढे सगळं सुरळीत झालं. परळचा पूल, वांद्रे, विमानतळ. तिकीट बघितलं, पासपोर्टवर शिक्का बसला, कुणी अडवलं नाही. खिडकीची जागा मिळाली. पट्टा बांधून तिनं डोकं मागे टेकलं आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं हललं. आपण निघालो. खरंच निघालो. तिला रडूच आलं, आणि आईशी आपण फार वाईट वागलो असंही वाटलं. फोन बंद करायच्या आधी एकदा बोलावं म्हणून तिनं नंबर लावला.

“आई, बसले गं विमानात.”

पलीकडे नुसता श्वास.

“आई? ऐकू येतंय ना?”

“अहो...” रमाबाई अगदी हळू म्हणाल्या. “तुम्ही?”

“आई, काय बोलतेस? मी अनू.”

“असं नका करू हो... अनू इथे आहे. टॅक्सी गेली आणि मी आत वळले, तर खोलीत बसलेली. निघालीच नव्हती म्हणते. मघापासून नुसती थरथरतेय रागानं. हातात ते दोन तबकड्यांचं घड्याळ आहे...” रमाबाई रडायला लागल्या. “चाळीस वर्षं थांबलात ना? मग पोरीचंच जाणं कशाला घेतलंत?”

मनगटावरून टिक टिक ऐकू येत होती, पण अनुजानं तिकडे बघितलं नाही. बघायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. विमान मागे सरकायला लागलं होतं.

“आई, तिला... तिला फोन दे.”

काहीतरी खरखरलं. मग अनुजाला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तेरा वर्षं घशात अडकलेला, रागानं चिरकलेला.

“बाबा,” तो म्हणाला, “उतरा खाली. ते तिकीट माझं होतं.”